स्थलांतर, राज्यसीमा आणि परवानाधारक शस्त्र : मंद्रूप परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मंद्रूप हे सोलापूर-विजयपूर महामार्गावरील, दक्षिण सोलापूर तालुक्यातील एक मोठे गाव आहे. येथून दक्षिणेस निघून टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक राज्य सुरू होते. नदीच्या दोन्ही तीरांवर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा बोलल्या जातात. सोयरीक, शेती, बाजार आणि नोकरी यांनिमित्ताने लोकांची ये-जा अखंड चालू असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत सोलापूर व विजापूर (२०१४ पासून विजयपूर) हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते. त्यामुळे भीमेवरील सीमा ही येथील लोकांना व्यवहारात फारशी जाणवत नाही.

तथापि, ज्याच्या घरी परवान्याची बंदूक आहे अशा व्यक्तीने घर हलविण्याचे ठरविले तर ही सीमा एकाएकी महत्त्वाची ठरते. सैन्यातून निवृत्त होऊन स्वतःच्या बारा बोअरच्या बंदुकीवर सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा जवान, पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरी किंवा वडिलांच्या पश्चात घरात राहिलेल्या शस्त्राचा वारस यांपैकी कोणीही गुन्हेगार नसतो. परंतु केवळ माहितीच्या अभावी त्याच्यावर फौजदारी कारवाई होण्याचा, परवाना जाण्याचा आणि क्वचित उपजीविकाच गमावण्याचा प्रसंग येऊ शकतो. म्हणून राज्यसीमा ओलांडून शस्त्र नेण्याविषयीच्या तरतुदींचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायद्याची चौकट

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय पाचव्या क्रमांकावर आहे. साहजिकच यासंबंधीचा मूळ कायदा केंद्राचा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा २०१६ च्या शस्त्र नियमांनी घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या सर्वसाधारणपणे तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली.

अमेरिकेत शस्त्रविषयक कायदे राज्यागणिक भिन्न आहेत. म्हणून तेथे १९८६ साली एक संघीय तरतूद करण्यात आली. शस्त्र रिकामे असेल व प्रवासात सहज हाती येणार नाही असे ठेवले असेल, तर वाटेतील राज्यातून ते नेण्यास तिच्यामुळे संरक्षण मिळते. मात्र जेथून निघावयाचे व जेथे पोहोचावयाचे, त्या दोन्ही ठिकाणी ते बाळगणे वैध असावे लागते. भारतातील परिस्थिती वेगळी आहे. येथे भीमेच्या दोन्ही तीरांवर कायदा एकच आहे. बदलतो तो परवान्याचा अंमल आणि परवाना प्राधिकारी. बहुतेक गैरसमज हा भेद लक्षात न घेतल्यामुळे होतात.

परवान्याचे क्षेत्र

प्रत्येक परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रात वैध आहे याची नोंद असते. हे क्षेत्र एखाद्या जिल्ह्यापुरते, राज्यापुरते किंवा अखिल भारतासाठी असू शकते. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर टाकळीचा पूल ओलांडताच तो धारकाला संरक्षण देत नाही. म्हणून घर हलविण्यापूर्वीची पहिली पायरी म्हणजे परवान्यावरील क्षेत्र तपासणे आणि ते अपुरे असल्यास क्षेत्रवाढीसाठी किंवा प्रवासापुरत्या परवान्यासाठी अर्ज करणे. हा अर्ज निघण्याच्या आदल्या दिवशी करून उपयोग नसतो. कारण त्यावर पोलिसांचा अहवाल मागविला जातो व त्यास कालावधी लागतो.

राज्यसीमा ओलांडली नाही तरीही प्राधिकारी बदलू शकतो, हेही ध्यानात घ्यावे. मंद्रूप हे सोलापूर ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येत असल्याने तेथील रहिवाशाचा परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असतो. हाच रहिवासी सोलापूर शहरात राहावयास गेला तर तेथे पोलीस आयुक्तालय असल्याने अधिकार पोलीस आयुक्तांकडे जातो. विजयपूर जिल्ह्यात गेल्यास तेथील जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे नोंद करावी लागते.

प्रत्यक्ष वाहतूक

घरसामान मालट्रकमध्ये भरताना बंदूकही कपाटात किंवा गादीच्या वळकटीत ठेवून पाठविणे, ही सर्वाधिक संभवणारी चूक होय. अधिनियमाचे कलम ३ परवान्याशिवाय अग्निशस्त्र संपादन करणे, बाळगणे व जवळ नेणे या तिन्ही गोष्टींना मनाई करते. परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानुसार दुसऱ्याने शस्त्र नेण्याची मुभा त्याच कलमात आहे. परंतु ती दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा खुद्द धारकाचा वापर एवढ्याच कारणांपुरती आहे. ट्रकचालकाच्या ताब्यात घरसामानाबरोबर दिलेली बंदूक या मुभेत बसत नाही. परवाना व्यक्तीला असतो, वस्तूला नसतो. म्हणून शस्त्राने परवानाधारकाबरोबरच प्रवास करावा, हा या विषयातील मूलभूत नियम समजावा.

प्रवासात शस्त्र पूर्णपणे रिकामे करून खोळीत किंवा कुलूपबंद पेटीत ठेवावे. काडतुसे वेगळी ठेवावीत आणि त्यांची संख्या परवान्यावरील मर्यादेत असावी. मूळ परवाना जवळ बाळगावा. कलम १९ अन्वये पोलीस अधिकारी परवाना दाखविण्याची मागणी करू शकतो. संशयास्पद परिस्थितीत शस्त्र नेणाऱ्यास कलम २० अन्वये वॉरंटाशिवाय अटक करता येते. विमानप्रवासात शस्त्र हातसामानात नेता येत नाही. ते आगाऊ जाहीर करून, रिकामे असल्याची खात्री पटवून, नोंदणीकृत सामानातच द्यावे लागते.

नव्या ठिकाणी नोंद

कायमचे किंवा सलग तीस दिवसांहून अधिक काळासाठी निवासस्थान बदलले व शस्त्रही सोबत नेले, तर बदलापासून तीस दिवसांच्या आत दोन ठिकाणी कळवावे लागते : नव्या जागेच्या परवाना प्राधिकाऱ्याला आणि ज्याने परवाना दिला किंवा त्याचे शेवटचे नूतनीकरण केले त्या प्राधिकाऱ्याला. मागणी झाल्यास परवाना व शस्त्र नव्या प्राधिकाऱ्यासमोर हजर करून निवासाची नोंद करून घ्यावयाची असते. पुढील नूतनीकरणही तेथेच होते.

नवे कार्यालय मूळ कार्यालयाकडून परवान्याची खातरजमा करून घेते व पोलीस पडताळणी करते. अर्जदाराला हा कालापव्यय वाटतो, परंतु त्यास कारण आहे. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिल्या गेलेल्या सुमारे पावणेतीन लाख परवान्यांतील गैरप्रकारांचा तपास २०१८ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आला. परराज्यातील परवान्याकडे सावधपणे पाहण्याची वृत्ती अशा प्रकरणांमुळे वाढली आहे. राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीकोशातील विशिष्ट ओळख क्रमांक परवान्यावर असणे आता अनिवार्य आहे. निघण्यापूर्वीच तो तपासून घेणे हिताचे ठरते.

शस्त्र नेणे शक्य नसल्यास

काही वेळा शस्त्र मागे ठेवणेच सोयीचे असते. मात्र ते भावाकडे वा शेजाऱ्याकडे विश्वासाने ठेवता येत नाही, कारण त्यामुळे ठेवून घेणारा आणि देणारा असे दोघेही अडचणीत येतात. अशा वेळी पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ते जमा करून पावती घेणे हा वैध मार्ग होय. दुसऱ्या पात्र परवानाधारकास विकावयाचे झाल्यास कलम ५ नुसार जिल्हादंडाधिकारी किंवा संबंधित पोलीस ठाण्यास आगाऊ लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते.

परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास वारसाचा ताबा आपोआप वैध ठरत नाही. कलम २१ अन्वये शस्त्र विनाविलंब जमा करून, मग वारसाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावयाचा असतो. वडिलांचे दिवसकार्य आटोपून त्यांची बंदूक नोकरीच्या गावी घेऊन जाणारा मुलगा, हेतू निर्मळ असूनही, विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरतो. पीकसंरक्षणासाठी दिलेल्या परवान्याचा आधार जमीन हा असतो. जमीन विकून गाव सोडणाऱ्याने त्या परवान्याचे पुढे काय करावयाचे हे आधीच विचारून घ्यावे.

निवडणूक व मनाई आदेश

दोन राज्यांतील निवडणुका नेहमी एकाच वेळी होत नाहीत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सोलापूर व विजापूर या दोन्ही मतदारसंघांत ७ मे रोजीच मतदान झाले. परंतु १० मे २०२३ रोजी कर्नाटकात विधानसभेसाठी मतदान झाले, तेव्हा महाराष्ट्रात तशी निवडणूक नव्हती. आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांच्या शस्त्रांचा आढावा घेऊन ती जमा करण्याचे आदेश दिले जातात आणि सीमेवर तपासणी नाके उभे राहतात. याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्र घेऊन फिरण्यास वेळोवेळी मनाई केली जाते. म्हणून स्थलांतराचा दिवस ठरविताना दोन्ही जिल्ह्यांतील आदेशांची चौकशी करणे आवश्यक आहे.

समारोप

परवान्याच्या अटीचा भंग झाल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास व दंडाची तरतूद आहे. यांपैकी कोणते कलम लागू होते हे प्रसंगावर अवलंबून असते. शिवाय कलम १७ खाली परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो. बंदुकीवर ज्याची नोकरी अवलंबून आहे अशा माजी सैनिकाला ही शिक्षा दंडापेक्षा जड जाते.

तात्पर्य, परवान्याचे क्षेत्र तपासणे, शस्त्र स्वतःबरोबर रिकामे नेणे आणि तीस दिवसांत दोन्ही कार्यालयांना कळवून त्यांची पोच जपणे या तीन गोष्टी पाळल्यास स्थलांतर निर्वेध होते. ही माहिती पोलीस ठाणी, तहसील कार्यालये आणि माजी सैनिकांच्या संघटना यांच्यामार्फत मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत उपलब्ध झाल्यास सीमाभागातील परवानाधारकांची मोठी सोय होईल.