वाहनांतील फ्लॅश स्मृती : झीज, आयुर्मान आणि सुरक्षितता

प्रस्तावना :
आधुनिक मोटारीतील नकाशे, दोषनोंदी व पडद्यावरील सर्व सुविधा सर्किट बोर्डवर कायम जोडलेल्या फ्लॅश स्मृतीवर अवलंबून असतात. या स्मृतीचा विचार बहुधा क्षमतेच्या अंगाने केला जातो. वाहनाच्या संदर्भात मात्र तिचे आयुर्मान अधिक निर्णायक ठरते.

झिजेचे स्वरूप :
फ्लॅश स्मृतीत माहिती विद्युतरोधक थराने वेढलेल्या विद्युतभाराच्या रूपात साठविली जाते. म्हणून वीज खंडित झाली तरी ती टिकते. परंतु प्रत्येक लेखन-पुसणीच्या वेळी इलेक्ट्रॉन त्या थरातून पार होतात आणि थर क्रमशः दुर्बल होतो. शिवाय लेखन लहान पानांत, तर पुसणी अनेक पानांच्या ठोकळ्यात होते. परिणामी अल्पशी नोंद बदलतानाही बरीच माहिती पुन्हा लिहावी लागते. नियंत्रक ही झीज सर्व ठोकळ्यांत वाटून देतो. ती थांबवू मात्र शकत नाही. उष्णतेने साठलेला भार अधिक वेगाने गळतो, ही वाहनातील आणखी एक अडचण होय.

टेस्लाचे उदाहरण :
फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या मागणीनंतर टेस्ला कंपनीने मॉडेल एस व मॉडेल एक्स प्रकारच्या सुमारे १,३५,००० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. त्यांत ८ गिगाबाइटची ईएमएमसी स्मृती होती आणि तिची मर्यादा सुमारे ३,००० लेखन-पुसणी चक्रांची होती. म्हणजे आदर्श स्थितीतही एकूण लेखन २४,००० गिगाबाइट. प्रत्यक्ष लेखन दररोज १२ गिगाबाइट झाले असे गृहीत धरल्यास ही मर्यादा २,००० दिवसांत, म्हणजे साडेपाच वर्षांत संपते. स्मृती निकामी होताच मागील कॅमेऱ्याचे चित्र व काच धुकेमुक्त करण्याचे नियंत्रण बंद पडत असे. यामुळेच हा प्रश्न केवळ गैरसोयीचा न राहता सुरक्षिततेचा ठरला. उपाय म्हणून ६४ गिगाबाइटची स्मृती बसविण्यात आली. क्षमता आठपट झाल्याने तेवढ्याच लेखनाची झीज आठपट जागेत विभागली जाते.

समारोप :
मोटार दहा-पंधरा वर्षे वापरली जाते. तिच्यातील स्मृतीचे आयुष्य मात्र आज्ञावली किती वेळा लिहिते यावर ठरते. अनावश्यक नोंदी टाळणे, झिजेचे मापन करून पूर्वसूचना देणे आणि सुरक्षाविषयक कार्ये करमणुकीच्या स्मृतीपासून स्वतंत्र ठेवणे ही पथ्ये आराखड्याच्या टप्प्यावरच पाळणे आवश्यक आहे. यंत्र व संगणक या विद्याशाखांनी हा विषय एकत्रितपणे शिकविण्याची गरज त्यातून स्पष्ट होते.