साथ, सीमा आणि माहेरची वाट : स्त्रियांवरील हिंसेविषयीचे काही गैरसमज

साथीचा रोग, सशस्त्र संघर्ष आणि स्त्रियांवरील हिंसा या तिन्ही गोष्टींचा एकत्र उल्लेख झाला की यवतमाळ जिल्ह्यातील वणीसारख्या गावात राहणाऱ्या वाचकाला हा विषय बहुधा काँगो, येमेन किंवा सीरिया अशा दूरच्या देशांचा वाटतो. या समजुतीचे मूळ 'संघर्षग्रस्त प्रदेश' या संज्ञेचा अर्थ फार संकुचित धरण्यात आहे. दोन देशांची सैन्ये जेथे समोरासमोर उभी ठाकतात तेवढीच भूमी संघर्षग्रस्त नसते. राज्यसंस्थेची सशस्त्र दले आणि तिला आव्हान देणारे सशस्त्र गट यांच्या कात्रीत जेथे सामान्य वस्ती सापडते, तो कोणताही प्रदेश या संज्ञेत बसतो. वणीकडून पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो आणि त्याच्या पलीकडे 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातूनच वेगळा काढलेला गडचिरोली जिल्हा आहे, जेथील भामरागड, एटापल्ली या तालुक्यांनी नक्षलवादी चळवळ आणि तिच्याविरुद्धची पोलीस कारवाई अशा दोन्हींचा भार कित्येक दशके वाहिला. वणी स्वतः संघर्षग्रस्त नाही, ते कोळशाच्या खाणींचे आणि कापसाचे गाव आहे; तरीही साथीच्या काळात या दोन प्रदेशांतील स्त्रियांची कोंडी एकमेकींच्या किती जवळ येते, हे प्रचलित गैरसमज एकेक करून तपासले म्हणजे ध्यानात येते.

या सर्व गैरसमजांच्या मुळाशी असलेला गैरसमज आकड्यांचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार देशात 2019 मध्ये स्त्रियांविरुद्धचे 4,05,326 गुन्हे नोंदले गेले होते आणि टाळेबंदीच्या 2020 या वर्षात ती संख्या 3,71,503 वर आली, म्हणजे 8.3 टक्क्यांनी घटली. यावरून घरात सगळे एकत्र राहिल्याने हिंसा कमी झाली असा निष्कर्ष काढणारे अनेक होते. परंतु त्याच वर्षी राष्ट्रीय महिला आयोगाकडे आलेल्या एकूण तक्रारी 19,730 वरून 23,722 वर गेल्या आणि त्यांतील कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी 2,960 वरून 5,297 पर्यंत वाढल्या. हे दोन आकडे परस्परविरोधी भासत असले तरी ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात : पहिला आकडा पोलीस ठाण्यापर्यंत चालत जाऊन, तेथे ऐकून घेतले जाऊन, कागदावर उतरलेल्या गुन्ह्यांचा आहे, तर दुसरा संगणकावरून किंवा भ्रमणध्वनीवरून, घराबाहेर पाऊल न टाकता करता येणाऱ्या तक्रारींचा आहे. रस्ते बंद झाले तेव्हा पहिला घटला आणि दुसरा वाढला. पती किंवा नातेवाइकांकडून होणाऱ्या क्रूरतेचे, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 498-अ खालील गुन्हे 2020 मध्ये 1,11,549 होते आणि निर्बंध सैल झालेल्या 2021 मध्ये ते 1,36,234 झाले. या वाढीतील काही भाग तरी वर्षभर अडून राहिलेल्या तक्रारींचा असणार, असे मानणेच अधिक सयुक्तिक आहे.

आकड्यांची उलट्या दिशेनेही गफलत होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 18 ते 49 वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 25 टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवल्याचे सांगितले आणि चौथ्या सर्वेक्षणातील सुमारे 21 टक्क्यांच्या तुलनेत झालेली ही वाढ अनेकांनी करोनाच्या माथी मारली. प्रत्यक्षात महाराष्ट्र या सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात होता आणि त्या टप्प्याचे क्षेत्रकाम जानेवारी 2020 अखेर, म्हणजे टाळेबंदीच्या आधीच पूर्ण झाले होते. साथीने ही हिंसा निर्माण केली नाही. जी होतीच तिच्यावरचे झाकण घट्ट केले. त्याच सर्वेक्षणात देशपातळीवर हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 77 टक्के स्त्रियांनी कोणाचीही मदत मागितली नव्हती आणि कोणाजवळ वाच्यताही केली नव्हती, ही बाब ध्यानात घेतली तर कोणत्याही नोंदवहीतील आकडा हा हिंसेचा नव्हे, तर बोलू शकलेल्या स्त्रियांचा आकडा असतो, हे स्पष्ट होते.

'घर हीच सर्वांत सुरक्षित जागा' हे वाक्य विषाणूच्या संदर्भात खरे होते, परंतु ते सरसकट सर्व धोक्यांना लागू केले गेले आणि तेथे चूक झाली. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव अंतोनियो गुटेरेश यांनी 23 मार्च 2020 रोजी जगभरातील युद्धरत पक्षांना शस्त्रसंधीचे आवाहन केले आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, 5 एप्रिल रोजी, हिंसा केवळ रणभूमीपुरती नसून अनेक स्त्रिया आणि मुलींना सर्वाधिक धोका त्यांच्या घरातच आहे या आशयाचे दुसरे आवाहन त्यांना करावे लागले. वणी परिसरात या धोक्याला एक भौगोलिक बाजू आहे, जिचा विचार फारसा झालेला दिसत नाही. येथील सोयरीक तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या हद्दीत मावत नाही. वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्याशी आणि दक्षिणेला पैनगंगा ओलांडून तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याशी येथील घरांचे लग्नसंबंध आहेत. मारहाण असह्य झालेली बाई पोलीस ठाण्याची पायरी चढण्यापूर्वी, बहुतेक वेळा तिच्याऐवजीच, लेकरू कडेवर घेऊन माहेरची वाट धरते, आणि आठ-पंधरा दिवसांनी भाऊ किंवा चार वडीलधारे येऊन सासरी बोलणी करतात. ही व्यवस्था न्याय्य नाही, पुष्कळदा ती बाईला त्याच घरात परत पाठवते. तरीही जीव वाचवणारा तो पहिला आडोसा असतो. मार्च 2020 च्या अखेरच्या आठवड्यात जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, एस. टी.ची प्रवासी वाहतूक थांबली आणि आंतरजिल्हा एस. टी. सेवा थेट 20 ऑगस्ट 2020 रोजी सुरू झाली, तोवर नदीपलीकडचे माहेर परदेशाइतके दूर होते. जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी लागणारा ई-पास मिळण्याची कारणे ठरलेली होती. नवऱ्याचा मार हे कारण अर्जात लिहायचे म्हणजे ते आधी कोणाला तरी सांगायचे, आणि ज्या भ्रमणध्वनीवरून अर्ज करायचा तो अनेक घरांत नवऱ्याच्याच हातात होता.

संघर्षग्रस्त प्रदेशात ही कोंडी दुहेरी होते. गडचिरोलीच्या दुर्गम भागातील पोलीस मदत केंद्र हे सशस्त्र संघर्षातील एका पक्षाचे ठाणे असते, आणि तेथे ये-जा करणाऱ्यावर 'खबऱ्या' असल्याचा संशय येऊ शकतो. अशा संशयावरून नक्षलवाद्यांनी गावकऱ्यांचे खून केल्याच्या घटना या जिल्ह्याच्या इतिहासात वारंवार घडल्या आहेत. म्हणून तेथील स्त्रीला तक्रार करायला जाताना नवऱ्याचीच नव्हे तर जंगलाचीही भीती बाळगावी लागते, आणि तिच्यावर अत्याचार करणारा गणवेशातला असेल तर तक्रार ऐकणाराही त्याच गणवेशात असतो.

दारू हेच हिंसेचे मूळ, हा समज वणी परिसरात विशेष दृढ आहे, कारण नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात 2015 पासून दारूबंदी होती, जी उठवण्याचा निर्णय 2021 मध्ये झाला, गडचिरोलीत ती 1993 पासून आहे आणि यवतमाळ जिल्ह्यात स्त्रियांनी दारूबंदीसाठी दीर्घ काळ आंदोलन केले आहे. दारू हिंसेची तीव्रता वाढवते, याविषयी दुमत नाही आणि त्या स्त्रियांची मागणी अनुभवातून आलेली आहे. मात्र दारू हेच कारण आणि ती नसली की हिंसा नाही, हा निष्कर्ष टिकत नाही. टाळेबंदीच्या पहिल्या सुमारे 40 दिवसांत देशभर परवानाधारक दारूची दुकाने बंद होती, आणि तरीही 25 मार्च ते 31 मे 2020 या काळात राष्ट्रीय महिला आयोगाकडे कौटुंबिक हिंसाचाराच्या 1,477 तक्रारी आल्या, ज्या त्याआधीच्या दहा वर्षांतील मार्च ते मे या काळातील तक्रारींहून अधिक होत्या.

साथ आटोक्यात आणण्यासाठी येणारी यंत्रणा ही स्वभावतःच रक्षक असते, हा गैरसमज सर्वांत जुना आणि महाराष्ट्राच्या इतिहासानेच सर्वांत ठळकपणे खोडून काढलेला आहे. 1896 मध्ये मुंबईत आलेला प्लेग पुण्यात पोहोचल्यावर वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्च ते मे 1897 या काळात गोऱ्या सैनिकांच्या तुकड्यांनी घरोघर झडत्या घेतल्या. शहरात कोणतेही युद्ध नव्हते, परंतु कार्यपद्धती लष्करी मोहिमेची होती : शस्त्रधारी परके पुरुष माजघरात आणि देवघरात शिरत, रोगाची गाठ शोधण्यासाठी काखा आणि जांघा तपासल्या जात, आणि स्त्रियांची तपासणी चारचौघांत झाल्याच्या तक्रारी होत्या. टिळकांचा 'केसरी' आणि सुधारकी मताचा 'सुधारक' ही एरवी परस्परांशी भांडणारी पत्रे या एका बाबतीत एकाच सुरात लिहीत होती. पंडिता रमाबाईंनी मे 1897 मध्ये 'बाँबे गार्डियन'ला पत्र लिहून सरकारी प्लेग इस्पितळात स्त्रियांच्या अब्रूची हेळसांड होत असल्याचा, आणि आपल्या संस्थेतील एका मुलीचे तेथे काय झाले याचा, जाहीर आरोप केला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तो फेटाळला.

त्याच सुमारास भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे, सैनिकांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केली, असे 'मँचेस्टर गार्डियन'मधून मांडले. जुलैअखेर परतल्यावर त्यांनी पुरावा शोधला, परंतु नाव उघड होऊन साक्ष द्यायला कोणी पुढे येईना, आणि ऑगस्ट 1897 मध्ये त्यांना जाहीर माफी मागावी लागली. या माफीचा अर्थ 'तसे काही घडलेच नव्हते' असा लावण्याची प्रथा पडली, आणि येथेच इतिहासाचे वाचन चुकते. गोखल्यांची माफी एवढेच सिद्ध करते की विधवेला विटाळ मानणाऱ्या आणि बलात्कारित स्त्रीला घरातून काढणाऱ्या समाजात, लष्करी अमलाखाली, एकाही स्त्रीला साक्ष देणे परवडणारे नव्हते. 22 जून 1897 च्या रात्री रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधू आणि राजद्रोहाखाली 18 महिन्यांची शिक्षा झालेले टिळक इतिहासाच्या पानावर आहेत, आणि ते योग्यच आहे; ज्यांच्या अपमानावरून हे सारे पेटले त्या स्त्रियांचे म्हणणे मात्र कोणत्याही कागदावर त्यांच्या स्वतःच्या शब्दांत नाही.

त्याच वर्षी 4 फेब्रुवारी रोजी संमत झालेला साथीचे रोग अधिनियम 1897 हा कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राने पुन्हा लागू केला. त्याच्या कलम 4 नुसार या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणाविरुद्धही दावा चालवता येत नाही. हे संरक्षण सद्भावनेच्या कृतीला आहे, अत्याचाराला नाही, परंतु तो फरक सिद्ध करण्याचे ओझे पुन्हा तक्रारदारावर येते. हा प्रश्न केवळ वसाहतकाळाचा नाही : पूर्व काँगोच्या संघर्षग्रस्त भागात ऑगस्ट 2018 ते जून 2020 या काळात इबोलाची साथ हाताळताना मदतकार्यातील पुरुषांनी नोकरीच्या आमिषाने स्त्रियांचे लैंगिक शोषण केले, आणि सप्टेंबर 2021 मध्ये स्वतंत्र आयोगाच्या अहवालात नमूद झालेल्या 83 संशयितांपैकी 21 जण जागतिक आरोग्य संघटनेच्या सेवेतील होते.

पुराव्याविषयीच्या गैरसमजाचे उत्तर वणीहून फार दूर शोधावे लागत नाही. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात 26 मार्च 1972 रोजी एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, परंतु अंगावर जखमा नाहीत आणि प्रतिकार दिसत नाही अशा कारणांनी सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आरोपींना सोडले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी 1979 मध्ये लिहिलेल्या खुल्या पत्राने देशभर आंदोलन उभे राहिले आणि 1983 मध्ये कायदा बदलून, कोठडीत किंवा ताब्यात असलेल्या स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालय तसेच गृहीत धरील, अशी तरतूद झाली. पुढे 2013 च्या दुरुस्तीने, एखाद्या भागात तैनात असलेल्या सशस्त्र दलाच्या जवानाने त्या भागात केलेला बलात्कार हा अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा ठरला. जखम नाही म्हणजे जबरदस्ती नाही, ही समजूत कायद्याने सोडली; समाजाने ती सोडलेली नाही.

'नवरा-बायकोचे भांडण, पोलीस काय करणार' आणि 'घटना दुसऱ्या जिल्ह्यातली, तिकडे जा' ही दोन उत्तरेही कायद्याला धरून नाहीत. ऑक्टोबर 2006 पासून अमलात असलेल्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियमानुसार संरक्षण अधिकारी, म्हणजे पीडित स्त्रीचा अर्ज न्यायालयापर्यंत पोहोचवण्यासाठी शासनाने नेमलेला अधिकारी, तिची बाजू लिहून घेण्यास बांधलेला असतो. अर्जाची पहिली सुनावणी साधारणपणे 3 दिवसांच्या आत ठेवायची असते. आणि कलम 27 प्रमाणे स्त्री जेथे तात्पुरती राहते आहे तेथील न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. चंद्रपूरच्या सासरहून वणीच्या माहेरी आलेल्या बाईला म्हणून पुन्हा नदी ओलांडायची गरज नाही, आणि एप्रिल 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 498-अ च्या तक्रारीलाही हेच तत्त्व लागू केले. अर्थात या तरतुदी तिला माहेरी पोहोचता आले तरच उपयोगी पडतात.

ती पोहोचू शकत नसेल तर काय करता येते, याचे एक उत्तर भारतातील दुसऱ्या संघर्षग्रस्त प्रदेशातून आले. जम्मू आणि काश्मीर उच्च न्यायालयाने एप्रिल 2020 मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि रिकामी हॉटेले व शिक्षणसंस्था यांसारख्या जागा निवाऱ्यासाठी ठरवाव्यात, त्याचबरोबर किराणा आणि औषधांची दुकाने ही घरच्यांना सुगावा न लागता स्त्रीला आपला त्रास सांगता येईल अशी ठिकाणे व्हावीत, असे सुचवले. कारण संचारबंदीतही बाईला पिशवी घेऊन ज्या दारांपर्यंत जाण्याची मुभा होती, ती दारे तेवढीच होती. वणीच्या बाजारपेठेतही त्या दिवसांत नेमकी हीच दुकाने उघडी होती.