बाभळीवरील भूमापक पतंग

भोकर परिसरात खरिपात सोयाबीनचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. पाठीची कमान करून चालणारी हिरवी अळी या पिकावर दिसताच शेतकरी तिला उंटअळी म्हणून ओळखतात. तशाच चालीची, परंतु वेगळ्या कुळातील एक अळी आपल्या देशात बाभळीवरही आढळते. ‘इस्टर्जिया डिस्प्युटारिया’ हे तिच्या पतंगाचे शास्त्रीय नाव होय.

दोहोंतील भेद पायांवरून सहज ओळखता येतो. छातीजवळचे तीन जोड पाय दोघींनाही असतात. परंतु पोटाखालील मांसल पायांच्या सोयाबीनवरील उंटअळीस तीन, तर बाभळीवरील अळीस दोनच जोड्या असतात. त्यामुळे तिची चाल टाच-अंगठा लावून जमीन मोजल्यासारखी दिसते. लिनियसने १७५८ साली अशा पतंगांना ‘जिओमेट्रा’, म्हणजे भूमापक, हे नाव दिले, ते यावरूनच. या कुळात जगभर सुमारे २३,००० जाती आहेत. भारतातील जातींचे सविस्तर वर्णन हॅम्पसन यांनी १८९५ साली प्रसिद्ध केले. तरीही अनेक जातींच्या जीवनक्रमाचा अभ्यास अद्याप अपुराच आहे.

हा अभ्यास निरुपयोगी नाही. अवजारांना लाकूड व शेळ्यांना शेंगा देणारी आपली बाभूळ ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात मात्र उपद्रवी ठरली असून तिने लक्षावधी हेक्टर कुरणे व्यापली आहेत. तिला आवर घालण्यासाठी तेथील शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतून याच कुळातील ‘कायास्मिया’ पतंग आणून सोडले. त्यांपैकी एक जात किनारी भागात स्थिरावली. उष्ण, कोरड्या अंतर्भागात तिला तसे यश आले नाही. तेथील बाभूळ मूळची भारतीय उपखंडातील असल्याने शास्त्रज्ञांनी पुढे भारतातील बाभळीवरील कीटकांचाही शोध घेतला. एका देशात दुर्लक्षित राहिलेला कीटक दुसऱ्या देशास मोलाचा वाटू शकतो, तो असा.

बाभळीवरील ही अळी मुख्यतः बाभूळवर्गीय झाडांचीच पाने खाते. म्हणून केवळ चाल पाहून बांधावरील झाडांवर कीटकनाशक फवारणे म्हणजे खर्च वाया घालविणे होय. फवारणीपूर्वी अळीचे पाय मोजावेत व शंका असल्यास कृषी सहायकाचा सल्ला घ्यावा. शाळांतून विद्यार्थ्यांनी अळी, झाड, स्थळ व तारीख यांची नोंद ठेवल्यास शेतकऱ्यास योग्य माहिती मिळेल आणि या अल्पपरिचित पतंगाच्या अभ्यासासही हातभार लागेल.