सारख्या वाट्यातली मेख

अंबरनाथ ते बदलापूर लोकलने जेमतेम ८ किलोमीटर. मध्ये चिखलोली. अंबरनाथला पाणी देणारं धरण इथलं आणि कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेबरोबर होऊ घातलेलं नवं स्थानकही इथलंच. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ महासंगणक आला, तेव्हा पावसाच्या अंदाजासाठी पृथ्वी सुमारे १२ किलोमीटरच्या चौकटींत कापली गेली. हा अख्खा पट्टा अशा एका चौकटीत मावेल.

महासंगणक म्हटलं की एकच अजस्र मेंदू डोळ्यांपुढे येतो. प्रत्यूष म्हणजे हजारो संगणकांचं खटलं. त्यातल्या एकेकाला म्हणायचं नोड. प्रत्येकाच्या वाट्याला काही चौकटी. तिथला वारा, बाष्प, तापमान यांचं गणित काही मिनिटं पुढे न्यायचं, शिवेवरचे आकडे शेजाऱ्याला द्यायचे, त्याचे घ्यायचे, मग पुढचं पाऊल. एक नोड रखडला की बाकीचे त्याच्यासाठी खोळंबतात, सिग्नलला अडलेल्या लोकलमागे लोकल उभ्या राहाव्यात तसे.

मग चौकटी मोजून सारख्या वाटल्या की झालं? मेख इथेच आहे. भावाभावांत जमीन एकराने सारखी वाटली, पण एकाला बागायत मिळालं आणि दुसऱ्याला माळरान, तर ती वाटणी कसली! वाळवंटावरची निरभ्र चौकट पटकन सुटते. घाटावर ढग चढत असले की थेंब, बर्फकण, वर उसळणारी हवा असं सगळंच सोडवावं लागतं. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली. तसल्या आभाळाखालच्या चौकटी ज्याच्या वाट्याला येतात, तो नोड घाम गाळतो. सूर्यप्रकाशाचं गणित तर दिवस असलेल्या अर्ध्या पृथ्वीपुरतंच. रात्रीकडचे नोड तेवढा वेळ हात बांधून बसलेले.

यावरचा उपाय आपल्या शेतकऱ्यांना जुनाच ठाऊक आहे: प्रत्येक भावाला प्रत्येक शेतातला तुकडा. नोडलाही थोडा दिवस, थोडी रात्र. थोडं वाळवंट, थोडा घाट. वाटणी साधते, पण बांध वाढतात. जितक्या शिवा जास्त, तितकी शेजाऱ्यांशी देवाणघेवाण जास्त, आणि नोडांना जोडणाऱ्या तारांवर गर्दी. ऐन कामात ओझं इकडून तिकडे हलवावं, तर हलवण्यातच वेळ जातो आणि तोवर ढगही पुढे सरकलेला असतो. माझ्या मते या यंत्राची खरी कारागिरी या तडजोडीत आहे. पेटाफ्लॉपचे, म्हणजे आकडेमोडीच्या वेगाचे, आकडे बातमीला बरे.

तरी एक आकडा सांगतोच. प्रत्यूषची ताकद ४ पेटाफ्लॉप. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच संस्थेत आलेल्या ‘अर्क’ची ११.७७, म्हणजे जवळजवळ तिप्पट. मे २०२५ पासून अंदाज ६ किलोमीटरच्या चौकटींवर आला. बाजू निम्मी झाली की चौकटी चौपट होतात, शिवाय काळाची पावलंही आखूड टाकावी लागतात, म्हणजे ढोबळमानाने काम आठपट. उरलेली कसर गणिताच्या पद्धतीत आणि वाटणीत भरून काढावी लागते.

आता अंबरनाथ आणि बदलापूर बहुधा वेगवेगळ्या चौकटींत पडत असतील. चिखलोली बांधाच्या कुठल्या बाजूला, ते चौकटीच्या रेघेवर.