दिवाळीची संगणकनियंत्रित रोषणाई व तिची पूर्वयोजना

दिवाळीची सुट्टी जवळ आली की सातवी-आठवीच्या वर्गांतून हल्ली एक नवाच प्रश्न शिक्षकांपुढे येतो. रंग बदलणाऱ्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे धावणाऱ्या दिव्यांच्या माळा आता सर्वत्र दिसतात. तशी रोषणाई आपल्या घरी, आपल्या हाताने व आपल्याला हवी तशी करता येईल काय, असे मुले विचारतात. करता येईल, हेच त्याचे उत्तर आहे. लागणारे गणित त्रैराशिकाच्या पलीकडचे नाही आणि लागणारी उपकरणे दुर्मिळ राहिलेली नाहीत. तथापि अशा कामात दोन प्रकारची हानी संभवते. एक, घाईने घेतलेल्या वस्तू पहिल्याच संध्याकाळी जळून पैसा वाया जाणे. आणि दुसरी, जिला भरपाई नाही अशी, म्हणजे ओल्या ओट्यावर मुलाचा हात विजेच्या उघड्या तारेस लागणे. या दोन्ही हानी बहुतांशी आधी कागदावर विचार न केल्यामुळे होतात. यास्तव खरेदीपूर्वी करावयाच्या योजनेचे विवेचन येथे शिक्षक बंधुभगिनींसाठी केले आहे.

विजेच्या दिव्यांनी सण सजविण्याची कल्पना जुनी आहे. एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ साली न्यूयॉर्क येथे आपल्या घरातील नाताळच्या झाडावर तांबडे, पांढरे व निळे असे ऐंशी दिवे लावले होते. तेव्हापासून शंभर वर्षांहून अधिक काळ माळेची रचना मूलतः तीच राहिली : दिवे अनेक, परंतु हुकूम एक. माळ पेटली की सर्व दिवे पेटावयाचे व विझली की सर्व विझावयाचे. नव्या माळेतील प्रत्येक दिव्याच्या पोटात तांबडा, हिरवा व निळा असे तीन सूक्ष्म एलईडी आणि त्यांना आज्ञा देणारी एक चिमुकली चकती असते. यांपैकी निळा एलईडी सर्वांत उशिरा साधला. त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिन्ही रंगांपैकी प्रत्येकाचे तेज ० ते २५५ या अंकांनी ठरते. म्हणजे एका दिव्याला २५६ × २५६ × २५६, अर्थात १,६७,७७,२१६ छटा दाखविता येतात. हा गुणाकार मुलांकडून अवश्य करवून घ्यावा.

पुष्कळांना कोडे पडते ते असे की, माळेत तारा तर तीनच. मग शंभराव्या दिव्याला त्याचा स्वतःचा रंग कळतो कसा? हे वर्गात विजेवाचून दाखविता येते. दहा मुले एका ओळीत उभी करावी. दहा चिठ्ठ्यांवर प्रत्येकी तीन अंक लिहून तो गठ्ठा पहिल्या मुलाच्या हाती द्यावा. पहिल्याने वरची एक चिठ्ठी स्वतःजवळ ठेवून उरलेला गठ्ठा पुढे द्यावा. दुसऱ्यानेही तसेच करावे. गठ्ठा संपला की शिक्षकांनी टाळी वाजवावी व सर्वांनी आपापली चिठ्ठी एकदम उंच धरावी. माळेत नेमके हेच घडते. टाळीच्या जागी तेथे क्षणभराची स्तब्धता असते. डब्ल्यूएस २८१२ या नावाने मिळणाऱ्या दिव्यांत एका दिव्याची चिठ्ठी पोचविण्यास सुमारे ३० मायक्रोसेकंद लागतात. दीडशे दिव्यांना मिळून साडेचार सहस्रांश सेकंद. म्हणूनच डोळ्यांना सर्व दिवे एकाच क्षणी बदलल्यासारखे वाटतात. या खेळात एखादा मुलगा गठ्ठा खाली टाकतो आणि पुढची सगळी ओळ अंधारात राहते. तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याचा उपयोग पुढे होईल.

आता घराकडे वळू. आपल्या भागातील एक साधे पत्र्याचे वा कौलारू घर घेऊ. पुढील वळचण ६ मीटर, ओसरीचे दोन खांब प्रत्येकी २ मीटर आणि दाराच्या चौकटीच्या दोन उभ्या बाजू २-२ मीटर व वरची आडवी १ मीटर. एकूण लांबी १५ मीटर झाली. बाजारात पन्नास दिव्यांची माळ मिळते. दोन दिव्यांतील अंतर सुमारे १० सेंटिमीटर धरल्यास तिची लांबी ५ मीटर होते. म्हणजे तीन माळा व दीडशे दिवे. मुलांनी चौकटीच्या कागदावर घराची दर्शनी बाजू प्रमाणात काढावी आणि दिव्यांना क्रमांक द्यावे : डाव्या खांबावर खालून वर १ ते २०, वळचणीला २१ ते ८०, उजव्या खांबावर वरून खाली ८१ ते १००, पुढे दाराची उजवी बाजू खालून वर १०१ ते १२०, वरची पट्टी १२१ ते १३० व डावी बाजू वरून खाली १३१ ते १५०. असे केल्याने पहिला जोड वळचणीच्या बरोबर मध्यावर व दुसरा उजव्या खांबाच्या पायथ्याशी येतो, हे चढण्यापूर्वीच कळते. खांबापासून दारापर्यंत एक जादा तार लागेल, हेही कागदच सांगतो. माळेवर बाणाची खूण असते व आज्ञा बाणाच्या दिशेनेच जाते. उलटी लावलेली माळ पेटत नाही. संगणकाची मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून आपला पहिला दिवा त्याच्या लेखी ० व शेवटचा १४९ होय. प्रत्येक वर्षी निम्मा वर्ग येथेच अडखळेल, असे गृहीत धरून दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी लिहून ठेवावे.

या योजनेचा खरा गाभा विद्युत्‌प्रवाहाचा हिशेब हा आहे. हे दिवे ५ व्होल्टवर चालतात व पूर्ण तेजाने पांढरा प्रकाश देताना एक दिवा अधिकाधिक ६० मिलिअँपियर प्रवाह घेतो असे धरण्याची रीत आहे. दीडशे दिव्यांना ९ अँपियर, म्हणजे ४५ वॅट. पॉवर सप्लाय नेहमी क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच वापरावा. तेव्हा ९ भागिले ०.८ म्हणजे सव्वाअकरा अँपियर. यासाठी १२ अँपियरचा किंवा त्याहून मोठा पॉवर सप्लाय हवा. तेज निम्म्यावर ठेवले तर १० अँपियरचा पुरून उरतो, आणि अंगणातील अंधारात निम्मे तेज उणे वाटत नाही. खेड्यात संध्याकाळी विजेचा दाब उतरतो. म्हणून पॉवर सप्लायवर १०० ते २४० व्होल्ट असा शिक्का पाहून घ्यावा. १२ व्होल्टच्या माळाही मिळतात. परंतु ५ व्होल्टच्या माळेस १२ व्होल्ट जोडले तर ती तत्क्षणी निकामी होते.

पाच व्होल्टच्या माळेत आणखी एक अडचण लपलेली असते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. ५ मीटर दूर वीज न्यावयाची तर जाण्यायेण्याची मिळून तार १० मीटर व रोध ०.१७ ओहम. तीमधून ३ अँपियर वाहू लागले की वाटेतच अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. २३० व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट म्हणजे काहीच नव्हे. ५ व्होल्टमध्ये तो दहावा हिस्सा होय. माळेतील तारा याहून बारीक असल्याने तेथे तूट अधिकच. निळ्या व हिरव्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, तांबड्याला २ पुरतात. म्हणून शेवटचे दिवे पांढऱ्याऐवजी तांबूस दिसू लागतात. मुलांना यात दिवे खराब असल्याचा भास होतो व दुकानदाराशी वाद होतो. उपाय इतकाच की, पॉवर सप्लायपासून जाड तार काढून प्रत्येक पन्नास दिव्यांच्या आरंभी वीज स्वतंत्रपणे द्यावी. एका माळेस ३ अँपियर लागतात, तेव्हा अशा प्रत्येक फाट्यावर ५ अँपियरचा फ्यूज बसवावा; मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारा पात्याचा फ्यूज चालतो. पाच व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे. परंतु दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर बारा अँपियरचा प्रवाह तार लाल करतो व छपराखालचे गवत पेटू शकते.

आता २३० व्होल्टविषयी. येथे सवलत नाही. पॉवर सप्लाय घरात, कोरड्या जागी, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर असावा व घराबाहेर केवळ ५ व्होल्टची तार जावी. त्याची जोडणी वायरमनने किंवा जाणत्या मोठ्या माणसाने करावी. विद्यार्थ्याने प्लगसुद्धा लावू नये. घराला अर्थिंग आहे का आणि ३० मिलिअँपियरवर वीज तोडणारा आरसीसीबी बसविला आहे का, हे आधी पाहावे. नसल्यास रोषणाईवरील खर्च कमी करून तो आधी बसवावा, असे पालकांना स्पष्ट सांगावे. बाजारातील स्वस्त माळा पुष्कळदा थेट २३० व्होल्टवर चालतात व त्यांचे सांधे उघडे असतात. त्या ओल्या भिंतीवर किंवा लोखंडी पत्र्यावर लावणे धोक्याचे आहे. आपल्या तालुक्याच्या पश्चिमेस परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो. म्हणून सांधे खालच्या तोंडाचे ठेवावे आणि तार सांध्यापूर्वी थोडी खाली लोंबती सोडून मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सांध्यात न शिरता खालीच गळून पडते. खांबावर आकडा टाकून वीज घेणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खालील गुन्हा आहे. आणि या खटाटोपाची गरज तरी कोठे आहे? ४५ वॅट, रोज ४ तास, वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत सहा दिवस : १,०८० वॅट-तास, म्हणजे जेमतेम एक युनिट.

नियंत्रक म्हणून शाळेच्या कामासाठी अर्डुइनो उनो ही पाटी मला सर्वांत सोयीची वाटते. तिची तात्पुरती स्मृती २,०४८ बाइट आहे. प्रत्येक दिव्यास ३ बाइट या दराने आपल्या दीडशे दिव्यांना ४५० लागतात. तिची आज्ञा ५ व्होल्टचीच असल्याने ती दिव्यांना थेट समजते. इएसपी ३२ ही पाटी अधिक समर्थ व बिनतारी आहे, तिच्यावर डब्ल्यूएलईडी हा विनामूल्य कार्यक्रम चढविला की मोबाइलवरून रंग बदलता येतात. परंतु तिची आज्ञा ३.३ व्होल्टची असल्याने मध्ये दाब वाढविणारी चकती घालावी लागते, आणि तयार कार्यक्रमात मुलांना विचार करावयास फारसे उरत नाही. कोणत्याही पाटीतून माळेला वीज देऊ नये. वीज पॉवर सप्लायमधून, आज्ञा पाटीतून. मात्र दोहोंची ऋण तार एकत्र जोडलेली असावी. ज्या माध्यमिक शाळेत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा आहे, तेथून पाटी पाहावयास मिळू शकेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने उच्च प्राथमिक स्तरावर संगणक-आज्ञालेखनाचा समावेश सुचविला आहेच.

कोणता देखावा करावा, हे मुलांवर सोपवावे. पण आज्ञा लिहिण्यापूर्वी तो मराठी वाक्यांत लिहवून घ्यावा. "डावीकडून उजवीकडे एकेक दिवा पेटू दे" हे वाक्य ज्याला नीट लिहिता येते, त्याला आज्ञावली सुचते. पणतीची थरथर हवी असेल तर तांबडा २५५, हिरवा सुमारे १२०, निळा २० असा रंग घेऊन तेज थोड्या थोड्या वेळाने यदृच्छया कमीजास्त करावे. आपल्या मुलांना जवळचा असा आणखी एक नमुना भंडारदऱ्याचा आहे. पावसाळ्यापूर्वी तेथील झाडांवर काजवे लुकलुकतात व ते पाहावयास दूरदूरचे लोक येतात. आग्नेय आशियातील काही काजवे तर झाडभर एकाच तालात चमकतात, आणि त्यांचा कोणी नायक नसतो. प्रत्येकाचे स्वतःचे घड्याळ असते. शेजारी चमकला की ते किंचित पुढे सरकते, एवढ्यावर सर्वांचा मेळ कसा बसू शकतो, हे मिरोलो व स्ट्रोगॅट्झ या गणितज्ञांनी १९९० साली सिद्ध केले. दहा-पंधरा ओळींच्या आज्ञावलीत हा देखावा वळचणीवर उतरतो. मात्र खऱ्या काजव्यांची भेट प्रकाशाच्या खुणेवरच होते. त्यांच्या हंगामात, विशेषतः कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यालगतच्या गावांत, घराबाहेर अशी रोषणाई लावू नये. दिवाळीतही रात्री दहानंतर माळ आपोआप विझेल अशी आज्ञा घालावी.

माळा चढविण्यापूर्वी त्या तिन्ही जमिनीवर पसरून, क्रमाने जोडून, एक संपूर्ण संध्याकाळ चालवून पाहाव्या. जोडताना वा काढताना वीज बंद असावी. चार-पाच दिवे शिल्लक ठेवावे. पुढे एखाद्या रात्री चाळिसाव्या दिव्यापासून सर्व माळ आंधळी झाली, तर चिठ्ठ्यांचा खेळ आठवावा : गठ्ठा चाळिसाव्याने टाकला असेल किंवा एकोणचाळिसाव्याने पुढे दिला नसेल. दोष या दोन दिव्यांत किंवा त्यांमधील तारेत आहे. कागदावरील नकाशात ती जागा वळचणीच्या डाव्या अर्ध्या भागात सापडते. प्रथम वीज बंद करावी, शिडी मोठ्या माणसाने धरावी, आणि एकोणचाळिसावा दिवा आधी बदलून पाहावा.