यंत्र विकत घ्यावे की भाड्याने आणावे?

दिवाळी झाली, भात झोडून घरात आले, की आमच्या चिंचणीकडे खोदकामे निघतात. कुणाला घराचा पाया काढायचा असतो. कुणाला वाडीत चिकूची कलमे लावायची असतात. कुणाचे कुंपण पडलेले असते. मग ओट्यावर एकच बोलणे चालते. माणसे लावू या की जेसीबी बोलावू या?

या यंत्राचे नाव कुठून आले ठाऊक आहे का? इंग्लंडात जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाचा एक माणूस होता. त्याने १९४५ साली कारखाना काढला. त्याच्या नावाची तीन अक्षरे म्हणजे जे.सी.बी. आपल्या देशात दिल्लीजवळ बल्लभगडला १९७९ पासून ही यंत्रे बनू लागली. पट्ट्यावर चालणाऱ्या मोठ्या यंत्राला आपण पोकलेन म्हणतो. तेही असेच एका फ्रेंच कंपनीचे नाव. आता कोणत्याही कंपनीचे असो, आपल्याला ते जेसीबी नाहीतर पोकलेनच!

गेल्या हंगामात आमच्या ओळखीचे दोघे भाऊ आमच्याकडे आले. थोरल्याचे घर बांधायचे होते आणि वाडीतही खड्डे काढायचे होते. धाकट्याला यंत्र चालवता येते. तो म्हणाला, "दादा, दरवेळी दुसऱ्याला पैसे कशाला द्यायचे? आपणच यंत्र घेऊ. आपले काम होईल, वर गावाचे काम करून हप्ता फिटेल." थोरला म्हणाला, "अरे, पण त्यासाठी वाडी गहाण टाकायची?" धाकटा गप्प झाला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, तुम्हीच जरा मांडून दाखवा."

आम्ही वही काढली. ते मांडलेले गणित इथे देतो. दर आणि मजुरी तुमच्या गावी वेगळी असेल. तुम्ही तुमचे आकडे घाला, रीत तीच.

पहिली गोष्ट, काम मोजायचे. लांबी, रुंदी आणि खोली फुटांत घ्यावी. तिन्हींचा गुणाकार करावा. म्हणजे घनफूट निघतात. शंभर घनफुटांचा एक ब्रास.

थोरल्याची वाडी जुनी. मधली काही झाडे मेलेली. त्या जागी चिकूची ४० कलमे लावायची. खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. ४० खड्डे म्हणजे १०८० घनफूट, जवळजवळ ११ ब्रास.

घर ३० फूट लांब, २० फूट रुंद. चारी भिंती मिळून १०० फूट आणि मधली भिंत २० फूट. पायाचा चर १२० फूट लांबीचा झाला. तो तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल. गुणाकार केला. पुन्हा १०८० घनफूट!

धाकटा लगेच म्हणाला, "दोन्ही कामे सारखीच की!" माती सारखी, हे खरे. काम मात्र सारखे नाही.

आधी वाडीचे पाहा. ४० खड्डे चार ठिकाणी विखुरलेले. यंत्र साडेसात फुटांच्या आसपास रुंद आणि वजन सात टनांच्या वर. ते झाडांतून फिरणार. चिकूच्या फांद्या खाली आलेल्या असतात, त्या मोडतील. चिकूची अन्न घेणारी मुळे बरीचशी वरच्या थरातच असतात. चाकाखाली ती माती दाबून घट्ट होईल. घोलवड-डहाणूच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे या भागाचे नाव त्या फळाशी सरकारदरबारी जोडले गेले. वर्षानुवर्षे वाढवलेले झाड एका दिवसाच्या घाईपायी कशाला दुखवायचे? भुसभुशीत मातीत एक माणूस दिवसाला साधारण एक ब्रास खणतो. तीन माणसे चार दिवसांत वाडी उरकतील. रोज ६०० रुपये धरला तर ७,२०० रुपये. इथे माणसेच बरी.

आता पाया. जागा एकच आणि मोकळी. यंत्राला चार तास लागतील असे धरू. तासाला १,२०० रुपये, म्हणजे ४,८००. यंत्र आणण्या-नेण्याचे १,०००. कोपरे आणि तळ साफ करायला दोन माणसे एक दिवस, त्यांचे १,२००. एकूण ७,०००. माणसांनी खणले तर ७,२००. फरक फक्त दोनशेचा! पण हे मऊ मातीत. आमच्याकडे समुद्राजवळ जमीन रेताड आहे. आत पूर्वेकडे गेले की मुरूम आणि काळा दगड लागतो. मुरुमात माणूस दिवसाला अर्धाच ब्रास काढतो. मग मजुरी १४,४०० होते. यंत्राला मात्र एखादाच तास जास्त. म्हणून आधी पहार घेऊन दोन-तीन ठिकाणी जमीन खोलवर पाहावी आणि मगच ठरवावे. गल्लीची रुंदीही मोजावी. यंत्र दारात येऊन अडकले तरी येण्याचे पैसे द्यावेच लागतात.

कुंपणाचे आणखी वेगळे. एक एकराच्या चौकोनी वाडीची बाजू सुमारे २०९ फूट. चारी बाजू ८३६ फूट. आठ फुटांवर एक खांब धरला तर सुमारे १०५ खड्डे. खड्डा मात्र फूटभर रुंदीचा. इथे मोठे यंत्र काय कामाचे? यासाठी पेट्रोलवर चालणारे हातातले गिरमिट मिळते. ते दोन दिवस भाड्याने आणावे. चार-पाच वाडीवाल्यांनी मिळून विकत घेतले तरी चालेल. मात्र बिघडले तर दुरुस्ती कुणी करायची ते आधी लिहून ठेवावे. सामाईक वस्तू सगळ्यांची असते आणि तेल घालायला कुणीच नसते! २०१४-१५ पासून केंद्र सरकारच्या कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून भाड्याने अवजारे देणारी केंद्रे काढायला मदत मिळू लागली. त्यांना अवजार बँक म्हणतात. आपल्या जवळ अशी बँक आहे का, ते तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारावे.

आता धाकट्याच्या यंत्राचे गणित. समजा, यंत्राची किंमत ३० लाख. ६ लाख हातचे घातले, २४ लाख कर्ज. मुदत चार वर्षे, व्याज शेकडा ११. महिन्याचा हप्ता सुमारे ६२,००० रुपये येतो. चालकाचा पगार २०,०००. धाकटा स्वतः चालवणार असला तरी त्याच्या घरी चूल पेटायला हवीच ना! विमा, टायर, दुरुस्ती यांचे १३,०००. हे झाले ९५,०००. यंत्र नुसते उभे राहिले तरी हा खर्च सुटत नाही.

आता मिळकत. तासाला १,२०० मिळाले. डिझेल आणि वंगण यांत ६०० गेले. हाती उरले ६००. वर्षाचा उभा खर्च ११ लाख ४० हजार. त्याला ६०० ने भागले, तर १,९०० तास आले. आमच्याकडे पावसाचे चार महिने खोदकाम जवळजवळ बंद असते. उरलेल्या आठ महिन्यांत हे तास भरायचे. म्हणजे महिन्याला सुमारे २३८ तास. रोज आठ तास, एकही सुट्टी नाही. तेव्हा कुठे तोंडमिळवणी! वर शिल्लक शून्य. चार वर्षांनी यंत्र आपले होईल हे खरे, पण तोवर ते जुने झालेले असेल. ज्याच्या हातात रस्त्याचे किंवा कालव्याचे बारमाही काम आहे त्याने यंत्र जरूर घ्यावे. दोन घरांच्या पायासाठी वाडी गहाण टाकू नये, असे आमचे मत.

विकत घ्यायचीच तर ही घ्यावीत: पहार, टिकाव, कुदळ, फावडे आणि दोन घमेली. दांडा चांगल्या बाभळीचा असावा.

यंत्र बोलावताना काय विचारायचे? भाड्यात डिझेल धरले आहे का? कमीत कमी किती तासांचे पैसे? येण्या-जाण्याचे वेगळे का? यंत्राला तासांचे मीटर असते. काम सुरू होताना आणि संपताना त्यावरचा आकडा आपल्या वहीत लिहावा आणि चालकाला दाखवावा. आता आपल्याला लिहिता येते, मग "अंदाजे पाच तास झाले" हे का ऐकून घ्यायचे? यंत्राचे आणि विम्याचे कागद, चालकाचा परवाना, हेही पाहावे.

काम उक्ते दिले आणि ब्रासवर दर ठरला, तर मोजणी खड्ड्याची करावी, ढिगाची नव्हे. खणलेली माती फुगते. चार ब्रास खड्ड्यातून पाच ब्रासचा ढीग निघतो. ट्रॉलीवर पैसे मोजले तर त्या फुगलेल्या मातीचेही पैसे जातात.

माती आपल्या जागेबाहेर न्यायची किंवा विकायची असेल, तर आधी तहसील कचेरीत विचारावे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल कायद्यात विनापरवाना माती-मुरूम काढण्याला मोठा दंड आहे. यंत्र आणि गाडीही अडकवतात. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे. किनाऱ्याजवळच्या कामांना वेगळे नियम आहेत. तिवरांजवळ तर खणायला जाऊच नये.

किनाऱ्याजवळ विहीर किंवा तळे खणणाऱ्याने आणखी एक लक्षात ठेवावे. जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. यंत्र झपाझप खणते, म्हणून "आणखी दोन फूट जाऊ द्या" असा मोह होतो. फार खोल गेले किंवा फार उपसले, तर खारे पाणी वर येते. मग ती विहीर बागेच्या उपयोगाची राहत नाही.

शेवटी जिवाचे बोलतो. एक ब्रास माती म्हणजे सुमारे चार-साडेचार टन. ती अंगावर आली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. खड्डा पाच फुटांहून खोल जाणार असेल, तर कडा उतरत्या ठेवाव्यात किंवा फळ्यांचा आधार द्यावा. रेताड जमिनीत त्याआधीच द्यावा. माती काठापासून चार-पाच फूट दूर टाकावी. खाली माणूस असताना काठाशी यंत्र आणू नये. मुलांना तमाशा पाहायला उभे करू नये. "एवढ्याने काय होते" असे कुणी म्हटले, तर काम थांबवावे आणि त्याला वर बोलवावे.

दोघा भावांनी काय केले? वाडीतले खड्डे पाड्यावरच्या तिघा माणसांनी काढले. पायाला पहार मारून पाहिली, दोन फुटांवर मुरूम लागला. मग यंत्र बोलावले. मीटरने साडेचार तास दाखवले. धाकट्याने ते वहीत लिहून घेतले. तो सध्या दुसऱ्याच्या यंत्रावर चालक म्हणून जातो. रोज किती तास काम मिळाले ते त्याच वहीत लिहितो. बारा महिने भरले की ती बेरीज घेऊन तो आमच्याकडे येणार आहे.