फी नाही, पण फुकटही नाही

मुलगा किंवा मुलगी बारावी झाली की घरात पहिला प्रश्न येतो तो फीचा. आम्ही कारकुनी करणारी माणसे. कोणत्याही कॉलेजची गोष्ट निघाली की आधी जमाखर्च पाहतो. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजचा जमाखर्च आपल्या वाचकांनीही पाहावा असा आहे.

हे ख्रिस्ती परंपरेचे छोटे कॉलेज. विद्यार्थी सुमारे दीड हजार. गुलामगिरीविरोधी पाद्री जॉन ग्रेग फी यांनी १८५५ साली एका खोलीच्या शाळेपासून ते उभे केले. सर्व माणसे एकाच रक्ताची, हे त्याचे ब्रीद. १८५९ मध्ये गुलामगिरीच्या समर्थकांनी पाद्रीसाहेबांच्या सहकाऱ्यांना तिथून हुसकावून लावले. यादवी युद्धानंतर शाळा पुन्हा सुरू झाली आणि १८६६ मध्ये ९६ कृष्णवर्णीय व ९१ गोरे विद्यार्थी एकत्र शिकू लागले.

१८९२ पासून येथे शिकवणीची फी घेतली जात नाही. प्रवेश मुख्यतः गरीब घरच्या मुलांना. नर्सिंग, शेती, शिक्षणशास्त्र, व्यापार, संगणक अशा अनेक विषयांत पदवी मिळते. मात्र प्रत्येकाने आठवड्याला किमान १० तास काम करावेच लागते. कुणी शेतात, कुणी कचेरीत, कुणी हातमागावर, तर कुणी झाडू बांधतो. कामाचा मोबदला मिळतो. झाडू कोणी बांधायचा हे तिथे जन्मावरून ठरत नाही, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटली. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा व शिका' योजना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातले मर्म सांगायला नको.

येथून बाहेर पडलेले विद्यार्थी पाहा. गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा, कोळशाच्या खाणीत राबलेला कार्टर वुडसन १९०३ साली येथे पदवीधर झाला. १९१२ मध्ये तो हार्वर्डचा डॉक्टरेट झाला आणि त्याने आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. १९४२ च्या पदवीधर वानिटा क्रेप्स १९७७ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या महिला वाणिज्यमंत्री झाल्या. १९३७ चे पदवीधर जॉन फेन यांना २००२ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण वुडसनच्या पदवीनंतर वर्षभरातच, १९०४ मध्ये, केंटकी सरकारने काळ्यागोऱ्यांना एकत्र शिकवण्यास बंदी करणारा कायदा केला. कॉलेज कोर्टात गेले. १९०८ मध्ये सुप्रीम कोर्टातही हरले. कृष्णवर्णीयांना ते दार पुन्हा उघडले १९५० साली. मधल्या काळात किती वुडसन बाहेर राहिले, त्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा? संस्थेचा हेतू चांगला असून भागत नाही, कायदाही आपल्या बाजूचा असावा लागतो.

आता पैसा कुठून येतो? मृत्युपत्राने आलेली बिनअट देणगी खर्च न करता कायम निधीत टाकायची, असा नियम कॉलेजने १९२० मध्ये केला. बराचसा खर्च आज त्या निधीच्या उत्पन्नातून भागतो. आपल्या वस्तीतील मंडळेही वर्गणी गोळा करतात आणि वर्षअखेर शिल्लक शून्य दाखवतात. आम्हीही त्या वह्या लिहिल्या आहेत, म्हणून दोष आमच्यापासूनच धरावा. यंदा वर्गणीतला दहावा हिस्सा तरी मुलांच्या शिक्षणासाठी बँकेत कायम ठेवू या. थेंब लहान असेल, पण वहीत शून्य तरी दिसणार नाही.